पाकीट कुठं ठेवणार, ते आधी सांग

प्रश्न असा आला आहे : "मी २३ वर्षांची. लग्नाला पाच महिने झाले. जुळे सोलापुरात सासू-सासरे, दीर आणि नणंद यांच्यासोबत राहते. नवरा पुण्यात नोकरीला आहे, शुक्रवारी रात्री येतो, रविवारी संध्याकाळी जातो. माझं बी.एड. चालू आहे, अजून दीड वर्ष तरी मूल नको हे आमचं दोघांचं ठरलंय. निरोध त्याला आवडत नाही. आतापर्यंत तीनदा ७२ तासांची गोळी घेतली. या महिन्यात पाळी नऊ दिवस पुढं गेलीय. नणंद म्हणते, पहिल्या मुलाआधी गोळ्या खाल्ल्या की पिशवी सुकते. कॉपर-टी पहिल्या बाळंतपणानंतरच बसवतात असं मेडिकलवाल्यानं सांगितलं. माझ्या एका मैत्रिणीचं लग्न झालेलं नाही, तिलाही हेच विचारायचंय. घरात कळू न देता काय करता येईल?"

बाकीचं सावकाश वाच. नऊ दिवस पुढं गेलीय ना, तर उद्या सकाळी उठल्यावर पहिल्या लघवीची तपासणी कर. मेडिकलमध्ये पट्टी मिळते. आशाताईकडं किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात 'निश्चय' नावाचं किट फुकट मिळतं. एक रेघ आली आणि पाळी तरीही आली नाही, तर आठ दिवसांनी पुन्हा कर. मध्ये थोडं डागासारखं गेलं म्हणून "आली बाई पाळी" असं धरू नकोस. त्या गोळीनंतर असं अधूनमधून लाल जातं, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे झाल्यावर केलेली तपासणी भरवशाची.

आता त्या ७२ तासांच्या गोळीबद्दल. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन दीड मिलिग्रॅम असतं. बीजकोशातून बीज बाहेर पडणं ती काही दिवस लांबवते, एवढंच तिचं काम. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर ती फारशी कामाची नाही. गर्भ राहिला असेल तर ती तो पाडत नाही, त्याला इजाही करत नाही. ७२ तास ही शेवटची मुदत आहे. जितक्या लवकर घ्याल तितकी ती चालते. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. तीनदा घेतलीस म्हणून तुझं कायमचं काही बिघडलेलं नाही, पाळी मागंपुढं होणं हा तिचा नेहमीचा परिणाम. पण एक गोष्ट फार थोड्या मुलींना माहीत असते : बीज लांबणीवर पडलं म्हणजे ते नंतर येणारच. शुक्रवारी गोळी घेतली आणि रविवारी पुन्हा संबंध आला, तर त्या रविवारच्या वाट्याला कसलंही संरक्षण नाही. उलट लांबलेलं बीज त्यानंतरच्या दिवसांत येऊ शकतं. तुझा नवरा शनिवार-रविवार येतो म्हणून मुद्दाम सांगते.

नणंदेनं जे सांगितलं ते मी गेली सव्वीस वर्षं ऐकतेय. मराठीत, कानडीत, पूर्व भागातल्या बायकांकडून तेलुगूत. त्यावर माझं उत्तर नेहमी एक हिशेब असतो. सरकारी 'माला-एन'च्या एका गोळीत हेच लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम असतं, सोबत थोडं इस्ट्रोजेन. म्हणजे रोजच्या गोळीला घाबरणारी मुलगी ७२ तासांची एक गोळी घेते तेव्हा त्या हार्मोनच्या रोजच्या दहा गोळ्यांइतकी मात्रा एका घोटात घेते. तीनदा म्हणजे तीस. आणि बदल्यात मिळतं कमी संरक्षण.

पिशवी सुकत नाही. रोजची गोळी बंद केली की बहुतेकींची पाळी एक-दोन महिन्यांत मार्गी लागते आणि दिवसही राहतात. मग ही समजूत आली कुठून? माझ्यापुरतं उत्तर असं : जिची पाळी मुळातच अनियमित, तिची ती गोळ्यांमुळं महिन्याच्या महिन्याला येऊ लागते. गोळ्या थांबल्या की जुनं दुखणं पुन्हा वर येतं, आणि खापर गोळीवर फुटतं. शिवाय मूल लवकर झालं नाही की घराला कारण हवं असतं, आणि ते सुनेच्या पर्समध्ये सापडलं की सगळ्यांचीच सोय होते. मुलाची वीर्यतपासणी करायची कुणाला आठवत नाही.

आता माझा प्रश्न. साधन निवडायला आलेल्या मुलीला मी रक्तदाब मोजायच्या आधी हे विचारते : पाकीट कुठं ठेवणार? पुस्तकात हा प्रश्न नाही. दोन-तीन खोल्यांचं घर, एक कपाट, त्याची किल्ली सासूबाईंकडं. तिथं कुठलं साधन किती टक्के चालतं याला फारसा अर्थ उरत नाही. एकीनं पाकीट तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलं होतं. रात्री सगळे झोपल्यावर डबा उघडायचा तर झाकणाचा आवाज, म्हणून महिन्यात आठ-नऊ गोळ्या चुकायच्या. तीन महिन्यांत दिवस राहिले आणि "गोळी फेल गेली" असं सगळ्या गल्लीत झालं. गोळी बिचारी डब्यात होती. अक्कलकोट रोडच्या बाजूची दुसरी एक, नवरा ट्रकवर, ती गोळ्या अगदी प्रामाणिकपणे घ्यायची, पण फक्त तो घरी असेल त्या दिवशी. मी कपाळाला हात लावला तर मलाच म्हणाली, "रोज कशाला खायाची म्याडम, त्यो शनवारीच येतोय की!" तुझी गोष्टही शनिवारचीच, म्हणून आठवलं. रोजची गोळी ही रोजच घ्यायची, नवरा पुण्यात असो नाहीतर दुबईत. बीज येऊ द्यायचं नाही हे तिचं काम महिनाभर चाललेलं असतं.

शंभर जोडप्यांनी वर्षभर गोळी अगदी बिनचूक घेतली तर एखादीलाही दिवस राहायचे नाहीत. खऱ्या आयुष्यात, विसरत-चुकत घेतली तर शंभरात सातजणींना राहतात. निरोधचं तसंच, बिनचूक वापरला तर दोघी, नेहमीच्या वापरात तेराजणी. ऐनवेळी बाहेर काढायच्या पद्धतीत वीसच्या आसपास. कॉपर-टीत मात्र बिनचूक आणि नेहमीचा यांत जवळजवळ फरक नाही, शंभरात एकीपेक्षाही कमी, कारण तिथं आठवण ठेवायला काही उरतच नाही. डब्याच्या झाकणाचा आवाज तेवढा या आकड्यांत धरलेला नाही.

तर तुझ्यासाठी काय. रोजची गोळी घ्यायची असेल तर आधी रक्तदाब मोजून घे. अर्धशिशी आहे का, आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं नागमोडी चमकतं का, पायातल्या शिरेत कधी गाठ झाली होती का, काविळीचा किंवा यकृताचा त्रास, टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत का, हे सगळं डॉक्टरला सांग. यातलं काही असेल तर ही गोळी तुझी नव्हे. काहीच नसेल तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत कधीही सुरू कर, त्याच दिवसापासून संरक्षण. 'माला-एन'च्या पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या वेगळ्या रंगाच्या दिसतात म्हणून फेकून देऊ नकोस, आणि सुरुवातही त्यांच्यापासून करू नकोस. दोन्ही प्रकार पाहिलेत मी. पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवं. पहिले दोन-तीन महिने मळमळ, थोडं डागाळणं होतं, मग बसतं. रात्री जेवणानंतर घे, मळमळ झोपेत जाते. एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घे, त्यासाठी एका दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर गोळ्या चालू ठेव, पण सात दिवस निरोध वापर. ताप-सर्दीच्या साध्या अँटिबायोटिकनं गोळीचा असर जात नाही. पाळीतलं दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात, आणि हिमोग्लोबिन नऊ-दहावर रेंगाळणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना हे औषधासारखंच लागू पडतं.

कॉपर-टी पहिल्या मुलानंतरच, हे मेडिकलवाल्यानं चुकीचं सांगितलं. मूल न झालेल्या मुलीलाही ती बसवता येते. जागतिक आरोग्य संघटनेचे निकष तसंच सांगतात. बसवताना जरा जास्त दुखतं, ते मी लपवत नाही. पाच-सात मिनिटांचं काम आहे, त्या दिवशी पोटात कळा येतात, पुढच्या दोन-तीन पाळ्या जोरात जातात. रक्त आधीच कमी असेल तर मी आधी लोहाच्या गोळ्या देते आणि मग बघते. ३८०-ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. पण पाच वर्षं ठेवलीच पाहिजे असं नाही. तुझं बी.एड. झालं की काढ, काढल्यापासून दिवस राहू शकतात. ती वर चढून काळजात जात नाही. शरीराची रचना तशी नाहीच. आणि एक फायदा : संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर तीच आणीबाणीचं साधन ठरते, ७२ तासांच्या गोळीपेक्षा कितीतरी पक्की. पाकीट लपवायचा प्रश्नच नाही.

'अंतरा'चं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. ऐकायला सर्वात सोपं, लपवायलाही. पण तुला मी ते सुचवणार नाही, दोन कारणांनी. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, आणि तुमचं गणित दीड वर्षाचं आहे. दुसरं कारण घरचं. या इंजेक्शननं कधी पाळी येतच नाही, कधी पंधरा दिवस थेंबथेंब जात राहते. ज्या घरात सून चार दिवस देवघरात गेली की नाही यावर नजर असते, तिथं दोन महिने पाळी आली नाही की सासूबाई आनंदानं पेढे आणायला निघतात. असं खरंच घडलंय. मग त्या मुलीनं काय सांगायचं?

'छाया'चंही थोडं तसंच. ती लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली आपली गोळी, 'सहेली' नावानं ती ९०च्या दशकापासून बाजारात आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, मग आठवड्यातून एकदा. मळमळ नाही, इस्ट्रोजेन नाही. पण पाळी पुढं ढकलते, आणि पाळी आधीच मागंपुढं होत असेल तर हिशेब लागत नाही. तुझी पाळी सध्या विस्कटलीय, ती जागेवर आल्यावर विचार करू. एकच कर, 'आठवड्याची गोळी' म्हणजे 'नवरा येतो त्या आठवड्याची' असा अर्थ लावू नकोस.

राहिला निरोध. आवडत नाही हे मी तुझ्या नवऱ्याकडून ऐकलेलं नाही, तुझ्याकडून ऐकतेय, म्हणून त्याला थेट लिहिते. बाबा रे, मूल नको हे दोघांनी ठरवलं, मग गोळी खायची तिनं, उलट्या तिच्या, पाळीची धाकधूक तिची, आणि तुझ्या वाट्याचं एकमेव काम तुला आवडत नाही? एकदा-दोनदा वेगळ्या जाडीचा घेऊन बघ. बहुतेकांची नावड ही पहिल्याच फुकटच्या पाकिटावरून बसलेली असते. खोबरेल तेल लावू नकोस, त्यानं लॅटेक्स विरतं आणि फाटतं. पाण्याचं जेल मिळतं ते घे. एकावर एक दोन घालू नकोस. आणि गाडीच्या डिकीत किंवा मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवू नकोस. सोलापूरच्या मे महिन्यात डिकीत भाकरी कडक होईल, रबराचं काय घेऊन बसलास? मागची तारीख वाच. दिवस राहू नयेत आणि गुप्तरोग होऊ नये ही दोन्ही कामं एकटा निरोधच करतो. गोळी, कॉपर-टी, इंजेक्शन, यांतलं एकही एचआयव्ही, परमा (गनोरिया), सिफिलिस अडवत नाही.

'सुरक्षित दिवस' मोजायचा विचार सध्या सोड. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगतात, आणि बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी येतं. पुढची पाळी कधी येणार हेच जिला माहीत नाही तिनं मागं मोजायचं कुठून?

तपासणीत दोन रेघा आल्या तर? तर मेडिकलमधून 'पाडायचं किट' मागवून घरात घेऊ नकोस. औषध वाईट नाही, नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली ते कायद्यानं चालतं आणि नीट चालतं. पण गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे पाहिल्याशिवाय ते घेणं म्हणजे जिवाशी खेळ. नळीतला गर्भ त्या गोळीनं पडत नाही, नळी फुटते. रात्री दोन वाजता पांढरीफटक पडलेली मुलगी रिक्षातून उतरवून घेतलीय मी, ते पुन्हा बघायचं नाही. ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवा. नको असेल तर १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानं वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं गर्भपात होतो. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची फक्त स्वतःची सही लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. पुष्कळ ठिकाणी "मिस्टरांना घेऊन या, सही लागते" असं सांगतात, आमच्यातल्याच काहींची ती सवय आहे. कायदा तसं म्हणत नाही. साधनं घ्यायलाही कुणाची सही लागत नाही.

तुझ्या मैत्रिणीला हेच सगळं लागू आहे, लग्नाचा त्यात काही संबंध नाही. गर्भपात कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीत साधन निकामी ठरल्याच्या कलमातून 'नवरा' हा शब्द जाऊन 'जोडीदार' आला. २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीतूनही अविवाहित मुलीला वगळता येणार नाही. डॉक्टरनं तिचं नाव बाहेर सांगणं हा गुन्हा आहे. वयाची मात्र अट आहे. मैत्रीण अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यानं डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं आणि गर्भपातासाठी पालकाची संमती लागते. त्याच २०२२च्या निकालात मुलीचं नाव कळवण्याची गरज नाही असंही म्हटलंय. हे आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे ती घाबरून भलतीकडं जाणार नाही. प्रश्न नुसते विचारायचे असतील तर सरकारी दवाखान्यातलं 'मैत्री' क्लिनिक किशोरवयीन मुलामुलींसाठी आहे. एचआयव्हीची तपासणी सिव्हिलमधल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होते, निकाल गुप्त राहतो, आणि १०९७ वर फोन करून आधी बोलताही येतं. धोक्याचा संबंध आला असेल तर तिथंही एक ७२ तासांची मुदत आहे. तेवढ्यात एचआयव्ही टाळण्याचं औषध सुरू करता येतं, पुढं २८ दिवस घ्यावं लागतं. जबरदस्ती झाली असेल तर पोलिसांत तक्रार द्यायची की नाही हे ठरण्याआधीही उपचार मिळालेच पाहिजेत, आणि तेही फुकट.

आणि तिला हेही सांग, माझ्याकडून : साधन जवळ आहे याचा अर्थ 'हो' असा होत नाही. मागच्या वेळी हो म्हटलं म्हणून या वेळी म्हणावंच लागतं असं नाही. तुलाही. लग्न झालंय म्हणून शनिवारी रात्री तुझ्या मनाविरुद्ध काही झालं पाहिजे, असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही.

शेवटचं, घरात कळू न देता. जमतं, कितीतरी जणी करतात. पण लपवाछपवीत गोळ्या चुकतात, हे वर सांगितलंच. तुझ्या घरी तू आणि नवरा एका मताचे आहात, ही मोठी गोष्ट आहे. बहुतेकींना तेवढंही मिळत नाही. तेव्हा बोलायचं तर त्यानं बोलू दे, स्वतःच्या आईशी, तुझ्या मागं लपून नव्हे. "तिचं बी.एड. होईपर्यंत आम्ही थांबतोय" एवढंच. गोळी की कॉपर-टी हे सांगायची गरज नाही. "आपल्यात असलं नसतं" असं आलं तर त्यांना सांगता येईल, मराठी माणसानंच, र. धों. कर्व्यांनी, मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ला काढलं होतं, सासूबाईंच्या आजीच्या काळात. आणि त्यांना स्वतःला दोन मुलांवर कसं थांबता आलं, हेही कधी हळूच विचार. चार-दोन सासवांनी मला नंतर एकट्यानं येऊन सांगितलंय की त्यांनीही बसवली होती, त्यांच्या सासूला न सांगता.

तपासणीत एकच रेघ आली आणि पाळी आली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ये. जेवून ये, उपाशीपोटी नको. गोळीसाठी आलीस तर रक्तदाब बघू, कॉपर-टीसाठी आलीस तर आधी हिमोग्लोबिन आणि आतली तपासणी. नवऱ्याला शनिवारी आणलंस तर अकरानंतर आण, सकाळी गरोदर बायकांची गर्दी असते आणि त्या घोळक्यात बसायला पुरुष लाजतात.